वाडीचे पाणी आणि टाकीची हवा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस आजच्या प्रसंगी दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, एका निवृत्त शिक्षकाने विद्यार्थ्यांची शिस्त, वडिलधाऱ्यांचा मान अथवा मातृभाषेचे महत्त्व यांपैकी एखादा विषय घ्यावा. ते विषय आम्हांसही प्रिय आहेत. तथापि आज आम्ही निवडलेला विषय ऐकून काही भगिनी नाकाला पदर लावतील, अशी भीती वाटते. आमचा विषय आहे सांडपाणी, आणि त्यातही त्या सांडपाण्यात सोडावयाची हवा. आम्ही जुने मॅट्रिक, अभियंते नव्हे. परंतु जे काही सांगणार आहोत ते हिशेब करून, टाकीच्या काठावर उभे राहून आणि एका चुकीची किंमत मोजून शिकलो आहोत. म्हणून ते आपल्यापुढे ठेवण्याचे धाडस करतो.

आपण वाडीची माणसे. केळी, पानवेली, मोगरा आणि आगाशीची सुकेळी यांवर आपल्या वाडवडिलांचा संसार चालला, आणि त्या साऱ्याच्या मुळाशी होते पाणी. प्रत्येक वाडीत विहीर, विहिरीवर रहाट आणि गावागावांत बावखळे. पावसाचे पाणी बावखळात साठावे, जमिनीत मुरावे आणि विहिरीला गोडे राखावे, अशी ती व्यवस्था होती. रहाटाची गाडगी वर येत, पन्हाळीत ओतली जात, पाणी खळाळत पाटाने जाई. लहानपणी आम्हांस तो नुसता आवाज वाटे. पुढे समजले की पाणी असे उंचावरून पडते, फुटते आणि खळाळते, तेव्हा ते हवेतला प्राणवायू आपल्यात घेत असते. वाहते पाणी चांगले आणि कोंडलेले पाणी नासके, हे आपल्या आजीला ठाऊक होते; त्यामागे प्राणवायूचा हिशेब आहे, हे शास्त्राने दाखविले.

आज आपल्यापैकी पुष्कळांच्या वाड्या राहिल्या नाहीत. त्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत. आमच्याही वाडीच्या एका तुकड्यावर गृहसंकुल उभे राहिले आणि आम्ही त्यातच राहतो. रहाटाची विहीर जेथे होती, तेथून पन्नास पावलांवर आता सांडपाण्याची टाकी आहे. शंभर कुटुंबे ते पाणी वापरतात आणि वापरलेले पाणी त्या टाकीत जाते.

थोडा हिशेब करू. शहरी पाणीपुरवठ्याचे माप माणशी दररोज १३५ लिटर धरतात आणि त्यातले सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. पाच माणसांच्या घरातून दररोज ५४० लिटर. शंभर घरांतून ५४,००० लिटर. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. त्या जुन्या आकड्यानेही दररोजचे सांडपाणी सुमारे १३ कोटी लिटर होते. २००९ साली चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. तिने बोळींज येथे दररोज ३ कोटी लिटर क्षमतेचे प्रक्रिया केंद्र उभारले. तेरा कोठे आणि तीन कोठे? शिवाय सूर्या प्रकल्पाच्या योजनेत वसई-विरारसाठी दररोज १८ कोटी ५० लाख लिटर पाणी धरलेले आहे. पाणी येते याचा आनंद सर्वांस आहे. परंतु जे पाणी नळाने घरात येते, ते मोरीने घराबाहेर जाते, याचा विसर पडून चालत नाही. प्रक्रियेवाचून राहिलेले पाणी नाल्याने खाडीस मिळते, आणि खाडीवर आपल्या कोळी बांधवांचे पोट आहे. म्हणूनच मोठ्या गृहसंकुलांना स्वतःचे प्रक्रिया केंद्र बांधावे लागते. तेव्हा हा विषय सरकारचा नव्हे. आपल्या जिन्याखालचा आहे.

आता त्या टाकीत घडते काय, ते पाहू. मळी, साबण, अन्नाचे कण आणि मैला यांना खाऊन टाकणारे जिवाणू सांडपाण्यातच असतात. त्यांना बाहेरून आणावे लागत नाही. त्यांना फक्त श्वास घेऊ द्यावा लागतो. इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात सतत हवा सोडून पाहिली. पाणी स्वच्छ झाले की ते काढावयाचे, तळचा गाळ मात्र तसाच ठेवावयाचा आणि त्यात नवे सांडपाणी घालून पुन्हा हवा सोडावयाची, असा त्यांचा क्रम होता. त्यांना आढळले की, गाळ जसजसा मुरत जातो तसतसे पाणी अधिकाधिक लवकर शुद्ध होते. १९१४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला. गृहिणींना हे नवे वाटू नये. कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधास लावावे, तसलाच हा प्रकार. त्यांचे मार्गदर्शक डॉ. गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत येऊन राहिले. आज जगभर जी सांडपाणी केंद्रे चालतात, त्यांतील फार मोठा भाग याच तत्त्वावर चालतो.

परंतु हे जिवाणू मोठे खादाड असतात, आणि खाणाऱ्याला श्वासही तितकाच लागतो. घरगुती सांडपाण्यातील घाण पचविण्यास दर लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो असे धरू. आमच्या शंभर घरांच्या ५४,००० लिटरांस दिवसाला साडेतेरा किलो प्राणवायू हवा. उलट आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पाणी ३० अंशांवर असता, एका लिटरमध्ये जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. म्हणजे त्या साऱ्या पाण्यात मिळून चारशे ग्रॅमच! गरज साडेतेरा किलोंची आणि शिल्लक अर्ध्या किलोचीही नाही. ही तूट भरून काढण्यासाठी रात्रंदिवस हवा सोडावी लागते. त्यासाठी ब्लोअर नावाचे यंत्र हवा ओढून नळांतून टाकीच्या तळाशी ढकलते, आणि तळाशी बसविलेल्या डिफ्यूझरांतून ती बुडबुड्यांच्या रूपाने वर येते.

येथे बुडबुड्याच्या आकाराचा प्रश्न उत्पन्न होतो. दळण जसे बारीक आणि भरड असते, तसे बुडबुडेही बारीक आणि भरड असतात. बारीक बुडबुडा एक ते तीन मिलिमीटरचा. तो रबरी पडद्याच्या सूक्ष्म छिद्रांतून निघतो. भरड बुडबुडा पाच-सहा मिलिमीटरांहून मोठा; तो पोलादी किंवा प्लॅस्टिकच्या नळीस पाडलेल्या मोठ्या छिद्रांतून निघतो. दोहोंत फरक काय? आठ मिलिमीटर व्यासाच्या एका बुडबुड्याइतक्या हवेचे दोन मिलिमीटरांचे बुडबुडे केले, तर ते चौसष्ट होतात, आणि त्या साऱ्यांचा मिळून पृष्ठभाग चौपट होतो. एका मोठ्या लाडवाचे चौसष्ट लहान लाडू वळून खोबऱ्याच्या किसात घोळवून पाहा. कीस चौपट लागेल. प्राणवायू पाण्यात शिरतो तो बुडबुड्याच्या पृष्ठभागातून. शिवाय लहान बुडबुडा सावकाश वर चढतो आणि पाण्यात अधिक वेळ राहतो. म्हणून स्वच्छ पाण्यात, खोलीच्या दर मीटरमागे, बारीक बुडबुड्यांतील साधारण सहा टक्के प्राणवायू पाण्यास मिळतो. भरड बुडबुड्यांतील दोन ते तीन टक्केच.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग भरड बुडबुडे हवेत कशाला? आम्हीही प्रथम हेच विचारले होते. उत्तर असे की, बारीक पडदा नाजूक असतो. सांडपाणी जेथे प्रथम येऊन जमते त्या टाकीत केस, चिंध्या, तेलकट साय, पिशव्यांचे तुकडे, असे काय येत नाही? तेथे बारीक छिद्रे बुजतात, पडदा ताणतो आणि अखेर फाटतो. भरड नळी मात्र गावाकडच्या जुन्या गड्यासारखी. तिला नखरे ठाऊक नाहीत. मोठी छिद्रे सहसा बुजत नाहीत, नळी वर्षानुवर्षे टिकते आणि मोठे बुडबुडे वर चढताना पाणी असे घुसळतात की, तळाशी गाळ बसून कुजत नाही. पाणी जमा करण्याची टाकी आणि गाळ साठविण्याची टाकी यांत म्हणूनच भरड बुडबुडे योजतात. ज्या टाकीत जिवाणूंना राहावयास प्लॅस्टिकच्या लहान चकत्या तरंगत ठेवलेल्या असतात, तेथे त्या चकत्या फिरत्या ठेवण्याचे कामही याच बुडबुड्यांचे. मुख्य टाकीत, जेथे निगा राखणारे जाणते माणूस आहे, तेथे बारीक बुडबुड्यांनी विजेची बचत होते. ज्याचे काम त्याला द्यावे, हेच यातील शहाणपण.

आता आमच्या चुकीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या संकुलाच्या कार्यकारिणीपुढे विजेचे बिल आले. ब्लोअरचा आकडा पाहून सभासद चकित झाले. ‘दिवसभर नुसती हवा सोडावयाची, आणि तिचे एवढे पैसे?’ असा प्रश्न निघाला. ठराव झाला की, ब्लोअर सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास चालवावा. त्या ठरावावर आमचीही सही होती. चाळीस वर्षे मुलांना गणित शिकविलेल्या माणसाने एक साधे गणित न मांडता सही केली, हे आज कबूल करताना संकोच वाटतो. परंतु कबूल करतो.

आठवड्याच्या आत टाकी काळी पडली. सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचली आणि लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. यंत्र सांभाळणारा तरुण आम्हांस म्हणाला, ‘गुरुजी, हवा बंद केलीत, म्हणून टाकी मेली.’ त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. हवेवर जगणारे जिवाणू गुदमरले. त्यांच्या जागी हवेवाचून जगणारे जिवाणू माजले, आणि ते हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू सोडू लागले. तळाशी बसलेला गाळ काढण्यासाठी ठेकेदाराने दोन माणसे पाठविली. त्यांच्याजवळ साधने होती एक बादली आणि एक दोर. त्यांतील एकाने सदरा काढून काठावर ठेवला होता. त्या तरुणाने त्याला हात धरून मागे ओढले आणि झाकणापाशी उभा राहून तो म्हणाला, ‘येथे कोणी उतरणार नाही.’ ठेकेदार रागावला. आम्ही काही सभासदही रागावलो. अखेर गाळ उपसणारी गाडी बोलावून यंत्राने गाळ काढला. दुसऱ्या केंद्रातून चांगला गाळ विरजणासारखा आणून घातला, ब्लोअर अखंड सुरू केला, आणि पाण्याला पुन्हा तपकिरी रंग येण्यास तीन आठवडे लागले. चार तासांच्या हवेने वाचविलेल्या पैशांपेक्षा खर्च कितीतरी अधिक झाला. परंतु तो हिशेब येथे गौण आहे.

कारण त्यानंतर, एप्रिल २०२४ मध्ये, आपल्या विरारात एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सफाईसाठी उतरलेले चार कामगार गुदमरून मृत्यू पावले. ती बातमी वाचली तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे काठावर ठेवलेला तो सदरा आला. त्या दिवशी तो तरुण मध्ये आला नसता तर? तर आमच्या सहीच्या ठरावाखाली एखाद्या आईचा मुलगा गेला असता.

हा वायू कसा मारतो हे प्रत्येकाने जाणून घ्यावे. तो हवेहून जड आहे, म्हणून खोल जागी साठून राहतो. थोडा असला तर दुर्गंधी येते. परंतु प्रमाण वाढले की नाकाची शक्तीच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असे समजून माणूस उतरतो, आणि काही क्षणांत कोसळतो. वरचा माणूस त्याला वाचवावयास उतरतो आणि तोही कोसळतो. नाकावर रुमाल बांधून या वायूपासून रक्षण होत नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून कोणासही गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरविणे गुन्हा ठरविले आहे. अशा मृत्यूसाठी पूर्वी दहा लाख रुपये भरपाई असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तीस लाख केली. परंतु माणसाची भरपाई कोणी कधी केली आहे काय?

बंधुभगिनींनो, आता एक गोष्ट स्पष्टपणे बोलू द्यावी. आपण येथे ज्ञाती म्हणून जमलो आहोत. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत मुलांची नावे येतात, शिष्यवृत्त्या जाहीर होतात, आणि तो अभिमान योग्यच आहे. परंतु टाकीत उतरावयास सांगितलेला माणूस आपल्या ज्ञातीचा नसतो. शतकानुशतके मैल्याचे काम काही जातींच्या माथी मारून बाकीचा समाज शुचिर्भूत राहिला, त्यात आपलेही वाडवडील होते. जुने संडास गेले, नवे नळ आले, टाकीला इंग्रजी नाव मिळाले. पण दोर घेऊन येणारा माणूस पुष्कळदा तोच राहिला. ज्ञातिप्रेमाचा अर्थ दुसऱ्याच्या मुलाचा जीव स्वस्त, असा होत असेल, तर असल्या प्रेमाचा आम्हांस अभिमान वाटत नाही. आपल्या मोरीतून जे वाहते, त्याची जबाबदारी आपली. ती पार पाडण्याचा मार्ग मात्र कठीण नाही: टाकीला हवा द्यावी, म्हणजे टाकी जिवंत राहील आणि तीत माणूस उतरविण्याची वेळ सहसा येणार नाही, आली तर ते काम यंत्राने करावे.

आणि ते राहून गेलेले गणित आता मांडू. समजा, शंभर घरांच्या संकुलात पाच अश्वशक्तीचा ब्लोअर चोवीस तास चालतो. दिवसाची वीज सुमारे ९० युनिट. दर घरामागे एक युनिटही नाही. घरातला ७५ वॅटचा एक पंखा बारा तास फिरला, तर तेवढीच वीज लागते. आपण झोपेत एक पंखा चालवितो, तेवढ्या विजेत घराचे सारे सांडपाणी श्वास घेते. हे गणित आम्ही सही करण्यापूर्वी मांडले असते, तर आजचे व्याख्यान वेगळे झाले असते.

आपल्यापैकी जे जे कोणत्या ना कोणत्या संकुलाच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा तरी स्वतः टाकीपाशी जावे. पुढील गोष्टी पाहण्यास अभियंता असण्याची गरज नाही.

पहिली गोष्ट रंग. चांगल्या टाकीचे पाणी तपकिरी असते आणि त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. काळा रंग आणि दुर्गंधी म्हणजे हवा अपुरी.

दुसरी गोष्ट बुडबुडे. ते साऱ्या पृष्ठभागावर सारखे उठावेत. एकाच ठिकाणी कढईतल्या उकळीसारखा उमाळा येत असेल, तर खाली नळी तुटली आहे; एखादा कोपरा निश्चल असेल, तर तेथील छिद्रे बुजली आहेत.

तिसरी गोष्ट ब्लोअरवरचा दाबाचा काटा. दहा मीटर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, म्हणून चार मीटर खोल टाकीत काटा ०.४ च्या थोडा वर राहिला पाहिजे. तो दिवसेंदिवस चढत गेला तर छिद्रे बुजत आहेत. एकाएकी उतरला तर हवा मध्येच कोठेतरी गळत आहे.

चौथी गोष्ट गाळाची परीक्षा. मुख्य टाकीतील पाणी एक लिटरच्या काचेच्या मापात भरून अर्धा तास स्थिर ठेवावे. गाळ खाली बसून त्याची पातळी साधारण २०० ते ३०० मिलिलिटरांवर आली आणि वरचे पाणी निवळ दिसले, तर जिवाणूंची प्रकृती उत्तम आहे. प्रयोगशाळेतून विरघळलेला प्राणवायू मोजून घेतल्यास तो मुख्य टाकीत लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास असावा.

पाचवी गोष्ट दुसऱ्या ब्लोअरची. एक बिघडला तर दुसरा तयार हवा. दोघांचे तेल, पट्टे आणि हवेची गाळणी वेळच्या वेळी पाहावी. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, जुलै २०१८ च्या पुरात तर काय झाले ते सर्वांस आठवत असेल. पुष्कळ संकुलांत जनित्र असते, पण ते उद्वाहकाला जोडलेले, ब्लोअरला नाही. चौथ्या मजल्यावर माणूस जिन्याने चढू शकतो. टाकीतल्या जिवाणूंना मात्र दुसरा जिना नाही.

आणि अखेरची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट: टाकीच्या झाकणाला कुलूप असावे, आणि ‘येथे माणूस उतरणार नाही’ असा ठराव कार्यकारिणीच्या पुस्तकात लिहिलेला असावा. आमच्या संकुलात तो आता आहे. त्याच्या खाली आमची सही आहे. या सहीचा मात्र आम्हांस अभिमान वाटतो.

एक आशाही बोलून दाखवितो. नीट हवा मिळून शुद्ध झालेले पाणी झाडांस घालता येते. आमच्या संकुलात ते चाफ्याला आणि केळीच्या चार रोपांना जाते. जेथे वाडवडिलांचा रहाट फिरत होता, तेथे आज ब्लोअर फिरतो. रहाटाचा आवाज गोड होता, याचा कर्कश आहे, हे मान्य. पण रात्री जाग आली आणि तो आवाज कानी पडला, म्हणजे आम्हांस स्वस्थ झोप लागते. तो थांबला, तर मात्र उठून खाली जावे लागते.